सारंगाची पाटी

१

खोक्यातल्या सगळ्या पाट्या धडधाकट होत्या, एकच जळाली होती. आणि जळाली तीही नेमकी सारंगाची.

सकाळी सुतारकाकांनी खोका उघडला, वरचा मऊ कागद बाजूला सारला आणि तिथूनच मालकाला हाक मारली. मालक आला, त्याने पाटी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काल जिथे नाव होतं तिथे आता आडवी काळी पट्टी होती, खोल जळलेली, हात लावला की बोटाला काजळी लागावी अशी. उद्या सकाळी या पाट्या धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लागायच्या होत्या.

पाट्या साध्या नव्हत्या. काही वर्षांपूर्वी प्रवाशांची एक लाँच धुक्यात खडकावर आपटून बुडाली होती. गेल्या उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा तिचा सांगाडा गाळातून वर काढला, आणि गेलेल्यांची नावं तिच्याच फळ्यांवर कोरायची असं स्मारक समितीने ठरवलं. लाकूड बहुतेक कुजलं होतं. जे घट्ट निघालं त्यातून सुतारकाकांनी माणसं होती तेवढ्याच पाट्या कशाबशा काढल्या, एकही जादा नाही. पुढची बाजू रंधून पॉलिश केली आणि मागे लाँचचा निळा रंग होता तसाच राहू दिला.

लाँचबरोबर तिचं सुकाणू धरणारा सारंगही बुडाला होता. त्याची पाटी लावायची की नाही यावरून समितीत इतकी जुंपली होती की दोन सदस्य अजून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी पाटी लावायचं ठरलं, पण कुरकुर थांबली नव्हती.

एवढ्यात मशीन चालवणारी मुलगी दारातून आत आली. तिने ओढणी कमरेला खोचली, दोघांचे चेहरे पाहिले, मग पाटी पाहिली.

"हे तुझं काम," मालक म्हणाला.

"माझं नाही."

"कारखान्याच्या किल्ल्या दोघांकडे. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. मी केलं का मग?"

तिने जळक्या पट्टीवरून बोट फिरवलं. ती त्या सारंगाची मुलगी होती.

२

वरच्या मजल्यावर मालकाचं घर होतं. आतल्या जिन्याने एकेक पायरी मोजून उतरल्यासारख्या त्याच्या आत्याबाई खाली आल्या. गुडघ्यांनी त्यांच्याशी केव्हाच असहकार पुकारला होता, पण खालचे चढे आवाज ऐकून वर बसवेना. पाट्यांमध्ये त्यांच्या वहिनीचीही, म्हणजे मालकाच्या आईचीही पाटी होती. तेवढ्यासाठी त्या आदल्या रात्रीच्या गाडीने आल्या होत्या.

आत्याबाईंची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. कुठे गोदाम जळालं, दुकान जळालं की त्यांना पाठवत, आणि आग लागली की लावली हे त्या येऊन सांगत. राखेत बोटं घालून त्यांचा स्वभाव कडवट झाला होता असं घरचे म्हणत. त्यांना स्वतःला तो फक्त सावध झाला आहे असं वाटे.

मालक समितीच्या अध्यक्षांना फोन लावायच्या आणि मग पोलिसांकडे जायच्या घाईत होता. आत्याबाईंनी त्याच्या हातातून पाटी काढून घेतली.

"संध्याकाळपर्यंत थांब. पोलीस काही पळून जात नाहीत."

"आणि हिने तोवर काही केलं तर?"

"आता करण्यासारखं उरलंय काय?"

त्यांनी पाटी नाकाशी धरली, तिरकी करून पाहिली. मग मुलीला म्हणाल्या, तुझं काम कसं चालतं ते मला आधी दाखव, लहान मुलाला दाखवतात तसं.

खोलीच्या मधोमध टेबलाएवढं लेझरचं मशीन होतं, वर काचेचं झाकण. आतल्या सपाट तळावर प्लायवूडचा एक तक्ता बसवला होता आणि त्यात पाटीच्या आकाराच्या खाचा कापल्या होत्या. हा साचा. मुलीने समजावलं की मशीनला लाकूड दिसत नाही. संगणकावर अक्षरं जिथे मांडली तिथेच ते जाळत सुटतं, खाली पाटी असो नाहीतर नसो. म्हणून प्रत्येक पाटी साच्यात अगदी त्याच जागी बसली पाहिजे. मग शंभर पाट्या करा, नाव शंभरही पाट्यांवर एकाच जागी येतं. कोरलेली पाटी पुन्हा ठेवून तिच्यावर आणखी काही कोरायचं असेल तर साच्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर नवं कोरीव काम जुन्यावर चढतं.

"खाच जरा मोठी दिसते," आत्याबाई म्हणाल्या.

"हा साचा जुन्या, मोठ्या पाट्यांसाठीचा आहे. या पाट्या उंचीला दोन बोटं आखूड निघाल्या. मी म्हटलं होतं नवा साचा कापू, पण मालक म्हणाले वेळ नाही."

मालकाने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

आत्याबाईंनी पाटी पुन्हा समोर धरली. काळ्या पट्टीच्या खाली थोडी जागा सोडून एक बारीक ओळ कोरली होती आणि ती शाबूत होती: सुकाणू याच्या हाती होते. दुसऱ्या कुठल्या पाटीवर नावाखेरीज अक्षर नव्हतं.

"ही ओळ कुणाच्या डोक्यातून निघाली?"

ओळ अध्यक्षांची होती. काल दुपारी ते स्वतः येऊन म्हणाले होते की पाटी लावा, पण लोकांना कळू दे कोण कोण होतं ते, नाहीतर अर्धी घरं कार्यक्रमाला यायची नाहीत. मालकाला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं. आई गेली त्या दिवसापासून तो सारंगाचं नाव दात खाऊनच घेत असे.

"आणि कोरली कुणी?"

"मी," मुलगी म्हणाली.

आत्याबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "नाही म्हणायचं होतंस."

"दुसऱ्या कुणी कोरली असती तर वाकडी बसली असती. बाबांच्या पाटीवर वाकडी ओळ नको होती मला."

हे ती अगदी साधेपणाने बोलली. आत्याबाईंनी संगणकाकडे तोंड फिरवलं. पडद्याच्या काचेवर अगदी मधोमध एक तेलकट ठसा उमटला होता, सुपारीएवढा.

"हा रोज असतो?"

"नाही हो. मी जाताना रोज काच पुसते." मुलीने पडदा निरखला. "काल पुसूनच गेले होते."

३

काल दुपारची हकीगत आत्याबाईंनी तिघांकडून वेगवेगळी काढून घेतली. ओळ कोरून झाल्यावर मुलीने सगळ्या पाट्या कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या. मग तिघंही भिंतीवरची चौकट ठोकायला धक्क्यावर गेले आणि मालकाने शटर ओढून कुलूप घातलं. स्क्रू विसरले म्हणून मधेच मुलगी एकटी परत आली होती. मालक धक्क्यावरच होता, पण त्याचा शर्ट तिथल्या खुंटीवर होता आणि किल्ली शर्टात. सुतारकाका पॉलिश आणायला बाहेर गेले ते बऱ्याच वेळाने उगवले. वर घरात फक्त मालकाचे वडील होते, म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, ताटात काय वाढलंय तेही विचारावं लागे. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सुतारकाकांना आत्याबाईंनी मागच्या अंगणात गाठलं. ते फळकुटांच्या ढिगावर बसून काहीच करत नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या लाँचवर होता. सारंगाची पाटी माझ्या पोराच्या शेजारी लागली तर उपटून नदीत फेकीन, असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं होतं आणि ते ऐकलेले लोक गावात पुष्कळ होते.

"ते मी म्हटलंच होतं," सुतारकाका म्हणाले. "आजही म्हणेन. पण बाई, मला नाव काढायचं असतं तर मी रंधा मारला असता. दोन हातांत साफ. त्या पेटीचं झाकण कसं उघडतं तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"मग काल एवढा वेळ होतात कुठे?"

त्यांनी खाली पाहिलं. पॉलिश घेऊन येताना ते वाटेत नदीवर बसले होते. नेहमीच बसतात. तिथे त्यांना कुणी पाहिलं असेल तर असेल.

याची खातरजमा होण्यासारखी नव्हती, आणि आत्याबाईंना ती करायचीही नव्हती. माणूस खोटं बोलताना जरा बरी गोष्ट रचतो. त्या आत गेल्या, वर्तमानपत्राची कडा फाडून तिची पट्टी केली आणि जळक्या भागाचं माप घेतलं. मग तीच कागदाची पट्टी त्यांनी खालच्या ओळीवर ठेवली.

तशीच पुन्हा एकदा ठेवली, चष्मा पुसून.

सारंगाचं नाव आखूड होतं. जळलेली पट्टी त्याच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या लाकडावर बरीच पुढे गेली होती. उंचीला मात्र ती अपुरी पडली होती, नावावरची वेलांटी आणि मात्रा तिच्या वर डोकं काढून तशाच उभ्या होत्या. नाव जाळणाऱ्याने नावाचं मापच घेतलं नव्हतं. खालच्या ओळीला मात्र ती पट्टी लांबीला आणि उंचीला झाकणासारखी बसत होती.

४

"म्हणजे त्या माणसाला नाव जाळायचंच नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला ओळ जाळायची होती."

ओळीभोवती एक चौकट संगणकावर आधीच आखलेली होती, मुलीने सांगितलं. जागा तपासायला ती नेहमी अशी चौकट आखते आणि तिच्या कडेने मशीनचा लाल ठिपका फिरवून पाहते. कुणीतरी तीच चौकट आतून भरून जाळली होती.

मालकाने टेबलावर हात आपटला. "मग झालंच की! ओळ कुणाला खुपत होती? मला? सुतारकाकांना? एकटी परत कोण आलं होतं? हिलाच ओळ पुसायची होती, पुसताना घोटाळा झाला, आणि आता बसलीय मूग गिळून."

मुलगी मशीनला टेकून उभी होती. नोकरी गेल्यात जमा होती, वर पोलीस. आणि उद्या भिंतीवर सगळ्यांची नावं असतील तिथे तिच्या बापाची जागा रिकामी, नाहीतर त्या जागी एक काळा डाग. तिने डोळे पुसले नाहीत, पण ते भरले होते.

"तुझं म्हणणं पटण्यासारखं आहे," आत्याबाई म्हणाल्या, आणि मालकाला वाटलं की प्रकरण मिटलं. त्यांनी एक पुठ्ठा पाटीच्या मापाचा कापून घेतला. "आता हा साच्यात ठेव बघू."

मालकाने पुठ्ठा खाचेत टाकला. तो मधेच कुठेतरी पडला. मालकाचा जन्म हिशेब आणि गिऱ्हाइकं सांभाळण्यात गेला होता, मशीनला त्याने कधी हात लावला नव्हता.

"आता तू."

मुलीने पुठ्ठा वरची बाजू पलीकडे करून ठेवला आणि विचार न करता दोन बोटांनी पलीकडे सरकवला, खाचेच्या पलीकडच्या कडेला घट्ट भिडेपर्यंत.

"तिकडेच का?"

"दाराकडे रेटायचं. दादांनी तोंडी शिकवलं तसं. खाच कितीही मोठी असू दे, पाटी दाराच्या बाजूला भिडवली की झालं. सगळ्या पाट्या मी तशाच बसवल्या, आणि ती ओळही."

मशीनच्या पलीकडे, तिच्या बरोबर समोर, रस्त्याचं दार होतं.

आत्याबाईंनी मालकाला जवळ बोलावलं. "नीट बघ. हिने पाटी बसवली की ती दाराला भिडणार. मग चौकट ओळीवरच पडणार, दुसरीकडे जायला जागाच नाही. हात कापत असले, डोळे भरलेले असले तरी हिची ओळ चुकली नसती. चौकट नावावर चढली, कारण पाटी दोन बोटं अलीकडे होती. अलीकडच्या कडेला घट्ट भिडलेली."

"पुठ्ठ्यासारखी मधे पडली असेल."

"मधे पडली असती तर पट्टी अर्धी नावावर आणि अर्धी खाली आली असती, शिवाय तिरकी. ही सरळ आहे. कुणीतरी पाटी मुद्दाम भिडवली, सवयीच्या हाताने. फक्त आपल्याकडे ओढून."

सुतारकाकांनी हळूच विचारलं, मग हे मशीन चालवायला येतं असं आणखी आहे कोण?

आत्याबाईंना मागची अंधारी खोली आठवली. वहिनी होती तेव्हा मशीन तिथे होतं. पुराचं पाणी आत शिरल्यावर ते इकडे पुढे आणलं. मागच्या खोलीत त्या चहाचा कप घेऊन जात तेव्हा मशीनवर वाकलेल्या माणसाची नेहमी पाठच दिसे, कारण दार त्याच्या पाठीमागे होतं.

त्यांनी पडद्यावरच्या तेलकट ठशाकडे पाहिलं. काचेला नाक टेकल्याशिवाय ज्याला काही दिसत नाही अशा माणसाच्या नाकाचा तो ठसा होता. मग त्या आतल्या जिन्याकडे वळल्या, आणि गुडघे किती दुखतात हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं नाही.

५

दादा खिडकीशी बसले होते. पाहायला काही नव्हतं, पण उजेडाकडे तोंड करून बसायची सवय सुटली नव्हती.

"दादा, साच्यात पाटी कशी बसवायची?"

प्रश्न कशासाठी, ते दादांनी विचारलं नाही. मांडीवरचे हात उचलले, हवेत पाटी धरली, ठेवली, आणि दोन बोटांनी आपल्या पोटाकडे ओढली.

"दाराकडे," ते म्हणाले.

"दार कुठे आहे?"

"पाठीमागे, आणखी कुठे." आणि मग त्यांचे हात तसेच थांबले. खाली मशीन कुठे आहे, दार कुठे आहे, हे सगळं त्यांना माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं.

आत्याबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"ओळ मी पुसली," दादा म्हणाले. "तुला कळलं ते बरं झालं. पोरगी काल ती ओळ कोरत होती तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. तिच्या तोंडून हूं का चूं निघालं नाही. मला ते सहन झालं नाही. सगळे गेल्यावर खाली उतरलो. खोक्यातल्या पाट्या चाचपल्या, नावाखाली ओळ असलेली एकच होती. साचा जागेवर होता, चौकट आखलेली होती, नाक टेकून शोधली पडद्यावर. साचा असला की डोळे लागत नाहीत. जळलेलं गरम होतं, चाचपलं नाही, पाटी तशीच कागदात गुंडाळून ठेवली."

"एवढंच होतं तर सांगायचं होतंस आम्हाला."

"सांगायला काय होतं? ओळ गेली, नाव राहिलं. अध्यक्ष दोन दिवस ओरडतील आणि गप्प बसतील. कुणाचं नुकसान झालं?"

आत्याबाईंना तेव्हा कळलं की दादांना काहीच ठाऊक नाही. आयुष्यात त्यांनी किती तरी लोकांना त्यांची राख दाखवली होती, पण हे काम त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं. त्यांनी पदराखालची पाटी काढून भावाच्या हातात दिली.

दादांची बोटं खालून वर गेली. ओळ लागली. बोटं थांबली, परत मागे गेली, एकेक अक्षर चाचपलं. सुकाणू याच्या हाती होते. मग बोटं वर सरकली आणि जिथे नाव असायला हवं होतं तिथल्या खड्ड्यात उतरली. बराच वेळ ती तिथेच फिरत राहिली. मग त्यांनी काजळीने भरलेली बोटं धोतराला पुसली आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

आत्याबाईंनी त्यांना रडू दिलं. मग विचारलं, तुझी बायको त्याच लाँचवर गेली. तुला एवढा पुळका सारंगाचा का?

दादांनी सांगितलं. धक्क्यावर पोचवायला ते गेले होते. धुकं इतकं होतं की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. मी निघणार नाही, असं सारंग साफ म्हणाला. लोक तणतणले आणि बसून राहिले. पण वहिनी ऐकेना. पलीकडच्या दवाखान्यात मुलाचं ऑपरेशन होतं, हाच मुलगा, आताचा मालक. ती सारंगाच्या अंगावर धावून गेली. तुला पोर नाही का, म्हणाली. तुझी पोरगी तिकडे पडली असती तर बसला असतास का इथे दोरी गुंडाळून? सारंगाने थोडा वेळ खाली पाहिलं आणि दोर सोडला.

"ते ऐकणारा मी एकटा वाचलो," दादा म्हणाले. "आता सारंगाला सोडवायचं तर तिला पकडून द्यावं लागतं. आणि मुलाला सांगावं लागतं की आई तुझ्यापायी सगळ्यांना घेऊन गेली. म्हणून म्हटलं, बोलायचं नाही. ओळ तेवढी पुसायची."

आत्याबाईंचा वहिनीवर जीव होता. सासरी न जमल्यावर वहिनीनेच त्यांना दोन वर्षं या घरात ठेवून घेतलं होतं, कधी शब्दाने लागू दिलं नव्हतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खाली आळ पोरीवर आलाय. मी सांगते की मशीन बिघडलं. तार सैल होती, आपोआप चालू झालं. माझ्या शब्दावर कंपन्यांनी मोठमोठी नुकसानभरपाई दिली आहे. कुणी शंका घेणार नाही."

दादांनी नाक पुसलं. "पोरगी सुटेल?"

"सुटेल."

"आणि ओळ?"

दादांनी काठीसाठी हात पुढे केला.

६

खाली दादांनी सगळं सांगितलं, उभं राहूनच. काही लपवलं नाही आणि वहिनीचा शब्द होता तसा सांगितला.

मालक ऐकता ऐकता खुर्चीवर बसला. इतकी वर्षं एका मेलेल्या माणसावर राग धरून त्याने स्वतःला सांभाळलं होतं. तो राग कुणीतरी हातातून काढून घेतला आणि आता हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. म्हणजे माझ्यासाठी, एवढंच तो म्हणाला.

"तिने हट्ट धरला, त्याने ऐकला," दादा म्हणाले. "दोघांचं पोरांवर प्रेम होतं रे. बाकी सगळं धुक्याने केलं."

मुलगी अजून मशीनला टेकून होती. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"बाबा आधी नाही म्हणाले होते?"

"साफ नाही म्हणाला होता. मी ऐकलंय."

ती तिथेच खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. सुतारकाका दारात उभे होते. ते एकदा बाहेर गेले, पुन्हा आत आले, आणि रंधा उचलून खाली ठेवला.

पाटीचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. लाँचचं लाकूड संपलं होतं आणि दुसऱ्या लाकडावरचं नाव समिती भिंतीला लावू देणार नव्हती. दादांनी पाटी मागून चाचपली. खरखरीत जुना रंग होता, कुठे कुठे पोपडे आलेला.

"ही बाजू कोरी आहे ना?"

मालक उठला. त्याने पाटी वडिलांच्या हातातून घेतली, उलटी केली, साच्यात निळी बाजू वर करून ठेवली आणि मुलीकडे पाहिलं. कुठे रेटायची, हे त्याने तोंडाने विचारलं नाही. ती उठली. तिने दादांना हाताला धरून मशीनपाशी आणलं, त्यांची दोन बोटं पाटीवर ठेवली, वर आपली ठेवली आणि पाटी पलीकडे सरकवली, रस्त्याच्या दाराकडे. खट् असा बारीक आवाज झाला. मग झाकण लावलं. रंग जळाल्याचा उग्र वास खोलीभर पसरला आणि निळ्यातून तपकिरी अक्षरं एकेक वर येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर सगळ्या पाट्या पॉलिशच्या तपकिरी आणि मधे एकच निळी. अध्यक्षांना ती दुरूनच दिसली. ही अशी का, आणि ओळ कुठे आहे, त्यांनी विचारलं.

"ओळ आहे. भिंतीकडच्या बाजूला," मालक म्हणाला. त्याने आईच्या पाटीकडे बोट केलं. "तशीच एक माझ्या आईच्या नावाखाली कोरावी लागेल. का, ते आमचे दादा सांगतील, तुम्हाला ऐकायचं असेल तर. साचा अजून मशीनवरच आहे."

दादा काठी टेकून पुढे आले. त्यांनी काय सांगितलं ते लोकांनी ऐकलं, काही जण मधेच उठून गेले, अध्यक्ष गेले नाहीत पण पुढे काही बोललेही नाहीत. ओळ कुणी कोरायला सांगितली नाही. आत्याबाई मागच्या बाकावर बसून वहिनीच्या पाटीकडे पाहत होत्या. खरं शोधून काढल्याचं समाधान त्यांना आयुष्यभर होत आलं होतं. आज ते कुठे सापडेना.

निळ्या पाटीचा एक स्क्रू अजून ढिला होता. तिच्या शेजारची पाटी सुतारकाकांच्या मुलाची. सुतारकाका स्टुलावर चढले, थोडा वेळ हात भिंतीला टेकून नुसते उभे राहिले, आणि मग त्यांनी तो स्क्रू आवळला. खाली सारंगाची मुलगी स्टूल धरून उभी होती. पाटी सरळ आहे का, असं त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

तिने मान वर करून पाहिलं आणि आहे म्हणून सांगितलं.